दिंडी दरवाजा रात्री कितीला बंद होतो?

प्रिय ताई,

मी पंचवीस वर्षांची, मूळची बार्शीची. पुण्यात शिवाजीनगरला एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि संध्याकाळी एका प्रायोगिक ग्रुपमध्ये प्रकाशयोजना करते. सध्या नऱ्ह्याला मावसबहिणीबरोबर राहते, माझा वाटा साडेसात हजार. तालमी आणि प्रयोग मात्र सगळे पेठांत, सुदर्शन किंवा भरत नाट्यगृहात. घरी पोचायला कधी कधी एक वाजतो. शनिवार पेठेत एका वाड्यात पहिल्या मजल्यावर खोली मिळतेय. भाडं साडेनऊ हजार, डिपॉझिट चाळीस हजार. खोली देणारे काका म्हणतात, करारबिरार कशाला, घरच्यासारखं राहा. रविवारपर्यंत टोकन द्या म्हणतात, कारण आणखी दोघं विचारून गेलीत. आई म्हणते, नाटकासाठी कुणी घर बदलतं का? मी काय करू?

– शिडीवरची

*

प्रिय शिडीवरची,

आईच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाटकासाठी घर बदलतात, आणि तुझं काम पाहता तू बदलायलाच हवंस. रात्री साडेनऊचा प्रयोग संपेपर्यंत बारा वाजतात. नट मेकअप उतरवून, फोटो काढून निघून जातात, तेव्हा तू अजून शिडीवर असतेस. गरम स्पॉटलाइट निवायची वाट बघायची, केबल गुंडाळायच्या, भाड्याने आणलेलं सामान मोजून टेम्पोत चढवायचं. नाट्यगृहातून सगळ्यात शेवटी बाहेर पडणाऱ्यांत प्रकाशवाले असतात, आणि तोवर मेट्रो आणि पीएमपीच्या बस दोन्ही बंद झालेल्या असतात. आईला हे माहीत असण्याचं कारण नाही. तिच्या डोळ्यांसमोर 'नाटक' म्हणजे प्रेक्षकांबरोबर सुटणारं नाटक आहे. तिला एकदा प्रयोगाला बोलव आणि प्रयोग संपल्यावर अर्धा तास थांबवून घे.

आता पैशांचं बघू, कारण दोन हजारांचा फरक तुला खुपतोय हे पत्रातून दिसतं. पुण्यात सप्टेंबर २०२२ पासूनच्या दराने रिक्षाचं मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये असं पडतं. रात्री बारानंतर पहाटे पाचपर्यंत त्यावर २५ टक्के जास्त. भरतपासून नऱ्ह्यापर्यंत दहा किलोमीटर धरले तर मीटरनेच दोनशेच्या वर जातात. तेही रिक्षावाला मीटरने यायला तयार झाला तर. परत येताना भाडं मिळणार नाही म्हणून तो तीनशे-साडेतीनशे सांगतो, आणि बारा वाजून गेल्यावर तू घासाघीस करत उभी राहणार नाहीस. महिन्याला सात-आठ अशा रात्री धरल्या की दोन हजार तिथेच संपले. वर सकाळच्या ऑफिसचा प्रवास आहेच. शनिवार पेठेतून नवा पूल ओलांडला की महापालिका, आणि पुढे शिवाजीनगरला तू चालत जाशील. नऱ्ह्याची खोली स्वस्त आहे, पण तुझ्यासारखीला ती स्वस्त पडत नाही.

तर परिसराला माझा पूर्ण होकार आहे. या खोलीला मात्र अजून नाही, आणि त्याचं कारण ते काका.

तू लिहितेस 'खोली देणारे काका'. मालक असं कुठेही लिहिलेलं नाहीस. ते नकळत लिहिलं गेलं असेल, पण मला तिथेच थांबावंसं वाटलं. पेठांतल्या वाड्यांत मालक वेगळा आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारे जुने भाडेकरू वेगळे, हे तुला ठाऊक असेलच. या जुन्या भाडेकरूंचं भाडं कायद्याच्या संरक्षणाखाली असतं, अनेकांचं अजूनही महिना शे-दोनशे रुपये. मुलं कोथरूडला किंवा परदेशी गेली, दोन खोल्यांतली एक रिकामी पडली, की ती कुणाला तरी दिली जाते. देणारा माणूस स्वभावाने चांगलाच असतो, फसवायचं त्याच्या मनातही नसतं. पण मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवायचा अधिकार त्याला नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरूला जागेतून काढायला जी कारणं मालकाला मिळतात, त्यांत पोटभाडेकरू ठेवणं हे एक आहे. वाड्याचा मालक आणि भाडेकरू यांची कोर्टात चालू असलेली केस पुण्यात काही नवलाची गोष्ट नाही. त्या केसमध्ये तुझी वाळत घातलेली ओढणी हासुद्धा पुरावा होऊ शकतो. आणि उद्या काकांना जागा सोडावी लागली तर तुलाही सोडावी लागेल. चाळीस हजार मागायचे कुणाकडे? काकांकडे. आणि काका ते कशातून देणार?

'करारबिरार कशाला' हे त्यांचं वाक्य या दृष्टीने पुन्हा वाच. कदाचित ते करार करू शकतच नसतील.

हे तपासणं अवघड नाही आणि त्यात कुणाचा अपमानही नाही. महापालिकेच्या मिळकतकराचं चालू वर्षाचं बिल दाखवा म्हणायचं. त्यावर मालकाचं नाव असतं. महावितरणचं बिल बघायचं. हे काका भाडेकरू असतील तर त्यांच्याकडे भाडेपावती असेल आणि मालकाचं लेखी संमतिपत्र त्यांनी आणून द्यायला हवं. बोलायला अवघड वाटलं तर 'ऑफिसला पत्त्याचा पुरावा द्यायचा आहे' असं सांग. ते खोटंही नाही, कारण नोंदणी केलेला करार पत्त्याचा पुरावा म्हणून खरोखरच चालतो.

कराराबद्दल एक गैरसमज पुण्यात इतका मुरलाय की तो इथेच दूर करते. अकरा महिन्यांचा करार असेल तर नोंदणी लागत नाही, असं एजंटसुद्धा सांगतात. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा, करार लेखीच हवा आणि नोंदणी केलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे आणि ती टाळली तर शिक्षा त्याला आहे. कायदा आणखी एक गोष्ट तुझ्या बाजूने करतो. करार लेखी आणि नोंदणीकृत नसेल आणि वाद उभा राहिला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल जागा घेणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. पण या तरतुदीच्या भरवशावर राहू नकोस. कोर्टात आपलं म्हणणं धरलं जाणं आणि पुढच्या खोलीसाठी डिपॉझिट हातात असणं यांत काही वर्षांचं अंतर असतं.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का असतं, म्हणजे तुझ्या आकड्यांना काहीशे रुपये. नोंदणी फी शहरात हजार रुपये. एजंट यंत्र घेऊन घरी येतो, दोघांचे अंगठे आणि फोटो घेतो, त्याची फी वेगळी. हा सगळा खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे. काका नाहीच म्हणाले तर पूर्ण तू दे, तरी फायद्यात राहशील. करारात तीन गोष्टी शब्दांत लिहून घे. जागा सोडायची नोटीस एक महिन्याची आणि ती दोन्ही बाजूंना लागू. डिपॉझिट किल्ली परत देताना त्याच दिवशी परत. आणि वाडा डेव्हलपमेंटला गेला तर किती आधी सांगणार. चाळीस हजार म्हणजे चार महिन्यांच्या भाड्याहून जास्त होतात, ते मला जास्त वाटतात. दोन-तीन महिन्यांवर आणायचा प्रयत्न कर. किती का ठरेना, पैसे बँकेतूनच द्यायचे, रोख एक रुपयाही नाही. मुदत संपल्यावर मात्र तूही अडून बसायचं नाही. मुदतीनंतर ताबा दिला नाही तर दुप्पट दराने भरपाई मागायचा अधिकार कायदा मालकाला देतो.

कागदानंतर वाडा. पेठांतल्या वाड्यांवर माझा जीव आहे. चौकातली तुळस, लाकडी सज्जा, उन्हाळ्यात गार राहणाऱ्या मातीच्या भिंती, यातलं काहीच नऱ्ह्याच्या बिल्डिंगीत मिळणार नाही. पण दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांची यादी करते आणि नोटिसा लावते, तेही विसरायचं नाही. सी-१ वर्गात टाकलेला वाडा म्हणजे राहायला अतिधोकादायक, रिकामा करून पाडायचा. तशी नोटीस लागली आहे का, हे काकांना विचारच, शिवाय महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातही विचार. वाडा शनिवारवाड्याच्या जवळ असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे आणि २०१० पासून ती फार कडक झाली. त्या परिघातले वाडे पाडून नवे बांधता येत नाहीत आणि दुरुस्तीलाही परवानगी काढावी लागते. मालकाला त्यातून काही मिळायची आशा नसते, म्हणून तो हात लावत नाही. वाडा तसाच खंगत जातो.

खोली दिवसा, सावकाश बघ. भिंतीचा रंग बघत बसू नकोस, त्यावर खोलीचं काहीच ठरत नाही. तुळई जिथे भिंतीत शिरते ती टोकं बघ. ओल आणि वाळवी तिथूनच सुरू होते. नाण्याने ठोकून बघ, पोकळ आवाज आला तर लाकूड आतून खाल्लंय. जिन्याची प्रत्येक पायरी पाय देऊन बघ, कारण रात्री एक वाजता दमलेल्या पायांनी तोच जिना तुला चढायचा आहे. वायरिंग तर तू माझ्यापेक्षा चांगलं ओळखतेस. कापडात गुंडाळलेल्या जुन्या वायरी लाकडावरून गेलेल्या दिसल्या तर खोली सोड, कितीही आवडली तरी. संडास समाईक असेल तर आतली कडी आणि तिथपर्यंतचा दिवा बघ. पाणी कितीला येतं, किती वेळ येतं आणि देखभालीसाठी गुरुवारी बंद असतं तेव्हा वाड्यात साठवणीचं काय करतात, हे शेजारच्या काकूंना विचार. काकू खरं सांगतील.

आणि आता तो प्रश्न, जो तुझ्यासाठी बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. दिंडी दरवाजा रात्री कितीला बंद होतो?

वाड्याच्या मोठ्या दारातलं हे छोटं दार, कित्येक ठिकाणी त्याला रात्री दहा-साडेदहाला आतून अडसर पडतो. तो काढायला कुणीतरी म्हातारं माणूस उठतं. पहिल्या रात्री ते काही बोलणार नाही, चौथ्या रात्री बोलेल, आणि दहाव्या रात्री तुझ्या आईला फोन जाईल. ही अडचण करारात लिहून सुटत नाही, आधी तोंडाने बोलावी लागते. 'कधीतरी उशीर होतो' असं गुळमुळीत सांगू नकोस. 'माझं काम रात्रीचं असतं, महिन्यातून आठ-दहा वेळा साडेबारा-एक होतो, मला बाहेरून उघडता येणारं कुलूप आणि त्याची किल्ली हवी' असं स्पष्ट सांग. ग्रुपचं नाव सांग, पुढच्या प्रयोगाची दोन तिकिटं हातात ठेव. ही शनिवार पेठ आहे, हे विसरू नकोस. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या वेळी भरतबाहेर होणारा मुलांचा आरडाओरडा या भागाने वर्षानुवर्षं ऐकलाय, आणि पूर्वी सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्री रमणबागेतून इथल्या घरांत गाणं येत असे. नाटकवाली मुलगी म्हणून नाक मुरडणारे इथे आहेत, तसे 'प्रकाश कुणाचा होता' म्हणून विचारणारेही आहेत. तुझे शेजारी दुसऱ्या प्रकारातले निघाले तर तुला त्याहून सुरक्षित जागा मिळणार नाही. पहिल्या प्रकारातले निघाले, तर ते टोकन द्यायच्या आधी कळलेलं बरं.

राहायला गेलीस की काय होईल, त्याचंही थोडं सांगते. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो आणि तो शनिवार-नारायण पेठेत घरात बसून ऐकू येतो. लाउडस्पीकरला रात्री दहानंतर कायद्याने बंदी आहे, वर्षातले ठरावीक दिवस बारापर्यंत सूट मिळते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, कुमठेकर, टिळक आणि केळकर हे चारही रस्ते मिरवणुकीचे असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. खोली केळकर रस्त्याच्या बाजूला असेल तर त्या दोन दिवसांत गाडी बाहेर निघणार नाही, एवढं धरून चाल. हे तुला जाचक वाटेल असं मला वाटत नाही. दुचाकी लावायला जागा मिळणं त्याहून जाचक आहे. वाड्यात आत गाडी घेऊ देतात का, ते विचारून घे. जेवणाची चिंता नको. स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे सदाशिव-नारायण-शनिवार पेठेत खानावळी आणि डबेवाल्या काकू मुबलक आहेत. मात्र बहुतेक खानावळी तुझा प्रयोग सुटायच्या आत बंद होतात. रात्रीसाठी घरात काहीतरी करून ठेवायची सवय लाव.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते, आणि ती तुझ्या पत्रात नाही. नाट्यगृहापासून पाच मिनिटांवर ज्याची खोली असते, त्याची खोली ग्रुपची होते. पहिल्यांदा कुणीतरी एक डिमर, म्हणजे दिवे कमी-जास्त करायचं यंत्र, ठेवायला येतो, 'उद्या सकाळी नेतो' म्हणतो. मग कपड्यांची पेटी येते. मग तालीम लांबली म्हणून धायरीची दोघं झोपायला येतात, मग भोसरीचा एक. सहा महिन्यांनी तू स्वतःच्या खोलीत कोपऱ्यात अंथरूण घालत असतेस, आणि मालक विचारतात की एकीला खोली दिली होती, राहतात किती? हे सगळं प्रेमापोटी होतं, म्हणूनच थांबवणं जड जातं. पहिल्या आठवड्यातच ग्रुपमध्ये सांगून टाक की चहाला कधीही या, सामान ठेवायचं नाही, आणि मुक्कामाला फक्त मुली, तेही मालकांना आधी सांगून. कुणी रुसलं तर रुसू दे. तुला सकाळी साडेनऊला ऑफिसात बसून आकडे जुळवायचे असतात. आणि त्या पगारावरच तुझं नाटक उभं आहे.

ही खोली नाही जमली, तर पेठा संपल्या असं समजू नकोस. स्पर्धा परीक्षेच्या मुलांची सगळी गर्दी सदाशिव, नवी, नारायण आणि शनिवार पेठेत एकवटलीय, म्हणून भाडी तिथे चढी आहेत. शुक्रवार पेठेतून भरत चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. गंज पेठेतून किंवा गुरुवार पेठेतून टिळक रस्त्याला चालत येता येतं, हिराबागेचं रंग-अवकाश हे नाट्यगृहही जवळ पडतं, आणि मंडईचं मेट्रो स्टेशन झाल्यापासून सकाळी मेट्रोने थेट शिवाजीनगर गाठणं सोपं झालंय. दत्तवाडीतही बघ, नव्या पेठेच्या लगत असून तिथे मागणी कमी असते. जून-जुलैत प्रवेशांची झुंबड असते तेव्हा शोधू नकोस. परीक्षा संपून मुलं गावी जातात तेव्हा खोल्या रिकाम्या होतात, आणि वाड्यांत त्या जाहिरातीने कमी, तोंडी जास्त कळतात. भरतच्या आवारात चहा देणाऱ्याला, ग्रुपच्या जुन्या माणसांना, इस्त्रीवाल्याला सांगून ठेव.

रविवारचं काय, तर टोकन देऊ नकोस. दोघं रांगेत आहेत ही गोष्ट खरीही असेल, पण तिची जबाबदारी तुझ्यावर नाही. शनिवारी सकाळी जा, मावसबहिणीला बरोबर ने. मिळकतकराचं बिल माग, खोली पुन्हा बघ, दाराचं बोल. काका मालक असतील आणि नोंदणीला तयार असतील, तर मागच्या काही ओळी विसर आणि घे ती खोली. ते भाडेकरू असतील आणि मालकाचं संमतिपत्र आणायला तयार असतील, तर ते हातात येईपर्यंत थांब. कागदाचा विषय काढल्यावर ते चिडले, तर नमस्कार करून निघ आणि येताना शुक्रवार पेठेतून चालत ये.

आणि नऱ्ह्याच्या मावसबहिणीला दोन महिने आधी कल्पना दे. तिलाही साडेसात हजारांचा वाटा उचलणारी दुसरी कुणी शोधायची आहे.

तुझी,
ताई